‘डोईजड’ खेळाडू आणि त्याचे कारभारी

प्रत्येक निवासी शाळेत दरवर्षी असा एखादा विद्यार्थी असतो, की जो मैदानावर सर्वांच्या पुढे आणि शिस्तीच्या वहीतही सर्वांच्या वर असतो. शिक्षकांच्या खोलीत त्याच्याविषयी एकच शब्द ऐकू येतो : डोईजड. आम्हीही तो अनेकदा वापरला आहे. मात्र इतिहासाच्या अभ्यासाने आम्हांला एक सवय लावली : हा शब्द कोणी, कोणाविषयी आणि केव्हा उच्चारला, हे आधी पाहावे.

महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर पालवणकर बाळू यांच्यापासून आरंभ करणे क्रमप्राप्त आहे. चर्मकार समाजात १८७६ साली जन्मलेला हा मुलगा पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यात महिना चार रुपये पगारावर खेळपट्टीची निगा राखीत असे आणि सरावासाठी साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकीत असे. त्यातून तयार झालेल्या डावखुऱ्या फिरकीने पुढे हिंदू संघाला अनेक विजय मिळवून दिले. मैदानावर त्यांचा चेंडू सर्वांच्या हातून फिरे, चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. एवढी कर्तबगारी असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाळू तापट नव्हते, बेशिस्त नव्हते. अडचण त्यांच्या स्वभावात नव्हती, ती निवडणाऱ्यांच्या मनात होती. कर्णधार एम. डी. पै यांनी १९१३ साली एका सत्कारसमारंभात, हा मान वस्तुतः ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूंचा आहे, असे मोकळेपणाने सांगितले होते. समितीने ते ऐकले आणि पैंनाच कर्णधार ठेवले.

१९२० च्या चौरंगी सामन्यांत प्रकरण हातघाईवर आले. युरोपियन, पारशी, हिंदू व मुस्लिम असे चार संघ या स्पर्धेत असत. मुस्लिम संघाविरुद्ध दि. ब. देवधरांना कर्णधार नेमून चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा त्यांचे धाकटे बंधू शिवराम आणि विठ्ठल, जे दोघेही संघाचे आधारस्तंभ होते, त्यांनी जाहीर निवेदन देऊन माघार घेतली. जातीच्या कारणाने होणारा अपमान सोसून आपण खेळणार नाही, असा त्याचा आशय होता. ‘डोईजड’ हा शब्द त्या वेळी कोणाकोणाच्या ओठांवर आला असेल, याची कल्पना करणे कठीण नाही!

लोकमत तापले, तेव्हा समितीने मधला मार्ग काढला. पै पुन्हा कर्णधार झाले, बाळू उपकर्णधार. पारशी संघाविरुद्धच्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळूंनी संघ चालविला. न्याय द्यावयाचा, पण मागील दाराने. या युक्तीचे कौतुक करणारे आहेत, आम्ही त्यांत नाही. पुढे १९२३ साली विठ्ठल यांना उघडपणे कर्णधार नेमण्यात आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने युरोपियनांना हरविले. तीन वर्षांपूर्वी संघ सोडून जाणाऱ्याच खेळाडूने ते घडवून आणले.

(बाळूंनी १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उमेदवारी केली आणि १३,२४५ विरुद्ध ११,२२५ मतांनी ते पराभूत झाले. तेवढ्यावरून आपल्यांतील काही जण त्यांचे नावही घेत नाहीत. आम्हांला हे पटत नाही. राजकारणातील चूक चूक म्हणून सांगावी, मैदानावरचा लढा त्यामुळे पुसला जात नाही.)

याच्या उलट उदाहरण लाला अमरनाथ यांचे. भारताचे पहिले कसोटी शतक मुंबईत १९३३ साली झळकाविणारा हा फलंदाज खरोखरच तापट होता. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात पॅड बांधून त्याला ताटकळत ठेवण्यात आले, तेव्हा त्याने संताप लपविला नाही. कर्णधार विजयानगरमचे महाराजकुमार आणि व्यवस्थापक मेजर ब्रिटन-जोन्स यांनी पहिल्या कसोटीपूर्वीच त्याला मायदेशी धाडले. भारत मालिका हरला. नंतरच्या चौकशी समितीने महाराजकुमारांच्या नेतृत्वावरच ताशेरे ओढले. संपत्तीच्या बळावर मिळालेले कर्णधारपद गुणी माणसाचा राग कसा पेलणार?

सॉफ्टबॉल खेळलेल्या आपल्या मुलांना बेसबॉल समजावयास वेळ लागत नाही, म्हणून अमेरिकेतील एक प्रसंग आम्ही वर्गात नेहमी सांगतो. तेथील प्रमुख साखळीत कृष्णवर्णीयांना कित्येक दशके प्रवेश नव्हता. ब्रुकलिन डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी जॅकी रॉबिन्सन यांना घेतले, तेव्हा अपमानाला उलट उत्तर द्यावयाचे नाही, ही अट घातली. १९४७ च्या हंगामापूर्वी संघातील काही गोऱ्या खेळाडूंनी त्यांच्याविरुद्ध अर्जाची जुळवाजुळव केली. व्यवस्थापक लिओ ड्युरोशर स्वतः शिवराळ म्हणून कुप्रसिद्ध होते. त्यांनी मध्यरात्री खेळाडूंना उठवून बजावले, की हा माणूस आपल्याला जिंकून देणार आहे आणि तो खेळणार. ज्याला मान्य नसेल, त्याने दुसरा संघ पाहावा. यात करुणा नव्हती, व्यवहार होता. पण डोईजड कोण, हे त्यांनी अचूक ओळखले. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन मैदानात उतरले. पुढे मौनाची अट सुटली, ते पंचांशी वाद घालू लागले, आणि १९४९ साली आपल्या लीगमधील सर्वोत्तम खेळाडूही ठरले. त्यांना भांडखोर म्हणणारे मग पुष्कळ निघाले.

हा पाठ संपल्यावर एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, पै साहेबांना हे १९१३ मध्येच कळले होते, तर त्यांनी पद का सोडले नाही?” वर्गात शांतता पसरली. पैंनी बाळूंना मान दिला, पद दिले नाही, आणि ड्युरोशर यांनी मान न देता जागा दिली, एवढेच आम्ही म्हणालो. दोहोंत मोठे काय, यावर त्या दिवशी वर्गात तास संपेपर्यंत वाद चालला, आणि आम्ही तो थांबविला नाही.