आपलं आपण उठता यावं

पोरी, येत्या मेअखेर तू निवृत्त होणार. पुढे काय म्हणून विचारलं तर “आता नुसता आराम” म्हणालीस. कर बाई, दोन महिने मनसोक्त कर. पण त्यानंतरची पंचवीस-तीस वर्षं धडधाकट राहून, कुणाच्या तरी उपयोगी पडत काढायची असतील, तर मावशीचं एवढं ऐकून ठेव. म्हातारपणाचं सगळं दोन गोष्टींवर येऊन ठेपतं: अंगात उठायचं बळ हवं, आणि सकाळी उठायला काही कारण हवं.

१. रोज एकदा जमिनीवर मांडी घालून बस आणि हात न टेकता उठायचा प्रयत्न कर. नाही जमलं तर एक हात टेक, पण खुर्चीला शरण जाऊ नकोस — साठीनंतर मांड्यांचं बळ भराभर उतरतं, आणि मांडी सुटली की माजघरही परगाव होतं.

२. सकाळचं फिरणं चालू ठेव, पण तेवढ्यावर भागतं असं समजू नकोस. आठवड्यातून तीन दिवस खुर्चीतून हात न लावता दहा ऊठबशा, ओट्याला धरून टाचा वर-खाली, भिंतीला हात टेकून जोर — चालण्याने दमसास वाढतो, पण बळ आणि तोल वेगळे कमवावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनाही पासष्टीपुढच्यांना आठवड्याला १५० मिनिटांच्या हालचालीशिवाय तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम निराळे सांगते.

३. दात घासताना बेसिनला एक बोट लावून एका पायावर उभी राहा, दहा आकडे झाले की पाय बदल. यासाठी निराळा वेळ काढू नकोस — निराळा काढलेला वेळ आठवड्यात बुडतो, दात मात्र रोज घासावेच लागतात.

४. न्हाणीघरात दोन दांडे आत्ताच बसवून घे, एक कमोडशेजारी आणि एक अंघोळीच्या जागी. टॉवेलच्या दांडीवर विसंबू नकोस, माणसाचा भार पडला की ती स्क्रूसकट बाहेर येते. पायपुसणं खाली रबर असलेलंच घे, आणि घरात मागे पट्टा नसलेल्या सपाता घालू नकोस — म्हातारी माणसं रस्त्यापेक्षा घरातच जास्त पडतात, आणि खुब्याचं हाड मोडलं की हिंडतं-फिरतं माणूस अंथरुणाला खिळतं.

५. रात्री उठताना आधी दिवा लाव, पलंगाच्या काठावर पाय सोडून मिनिटभर बस, पंजे हलव, मग ऊठ — आडवं माणूस एकदम उभं राहिलं की रक्तदाब खाली येतो, आणि बीपीची गोळी चालू असेल तर जास्तच. अंधारात घाई, डॉक्टरची कमाई!

६. मुलं लांब गेली, घरात दोघंच उरली, की रात्री चहा-खारीवर नाहीतर ताक-भातावर भागवायची सवय लागते. ती लागू देऊ नकोस. वजनाच्या दर किलोला निदान एक ग्रॅम प्रथिनं रोज पोटात जावीत. तुझं वजन साठ किलो, तर साठ ग्रॅम. मूठभर शेंगदाण्यांत सात, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात. एक दिवस वहीत मांडून बघ, बेरीज किती तोकडी येते ते कळेल — खाण्यात प्रथिनं नसतील तर व्यायाम करूनही बळ धरत नाही. मूत्रपिंडाचा काही त्रास निघाला, तर मात्र आधी डॉक्टरांना विचार.

७. आपल्या शाकाहारी घरात वर्षातून एकदा बी-१२ तपासून घ्यावं — पायाला मुंग्या, थकवा, विसराळूपणा हे सगळं आपण वयाच्या खात्यावर लिहून मोकळे होतो, आणि औषध मात्र साधं असतं.

८. बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करू नकोस — ते गोळीमुळेच नॉर्मल आलेलं असतं.

९. कमी ऐकू येतंय असं दोघांनी सांगितलं की तिसऱ्याची वाट न बघता कान तपास, मशीन लागलं तर लाव. मोतीबिंदूचंही तेच — ऐकू येईना, दिसेना झालं की माणूस हळूहळू गप्पांतून उठतं. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण उपाय करता येणाऱ्या कारणांत लॅन्सेट आयोगाने २०२४ साली बहिरेपण आणि अधू नजर या दोन्ही गोष्टी धरल्या आहेत.

१०. दातांकडे बघ — दात गेले की ताट लहान होतं.

११. आता कारणाचं. ज्या ५८ व्या वर्षी तू दप्तर बांधतेस, त्याच वयात, १९१६ साली, अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं. अठ्ठ्याहत्तरीला खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ, शहाऐंशीला समता संघ. १०४ वर्षांचं आयुष्य लाभलं, आणि त्यात निवृत्तीनंतरचं असं पान शोधूनही सापडत नाही. तू विद्यापीठ काढू नकोस, पण ज्याला वार आहे, वेळ आहे आणि तिथे तुझी वाट बघणारं माणूस आहे, असं एक काम धर. तीस वर्षं हिशेबखात्यात काढलीस. बचत गटाच्या बायकांना वही लिहायला शिकव, नाहीतर कामाला येणाऱ्या बाईच्या मुलीचं गणित घे — स्वतःपुरता छंद कंटाळा आला की सुटतो, पण वाट बघणारं कुणी असलं की पाय आपोआप चपलेत जातात.

१२. नातवंडं सांभाळ, हौसेने सांभाळ, पण कामाचा तो एक दिवस आधीच सांगून ठेव — न सांगितलेली वेळ घरात सगळ्यांचीच होते.

१३. तुझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान अशा दोन मैत्रिणी जोड — बरोबरीच्या एकेक करून जातात, आणि नवी ओळख करायचं बळ तेव्हा उरत नाही.

१४. हयातीत घर मुलांच्या नावावर करू नकोस, मृत्युपत्र कर. साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात. बक्षीसपत्र करायचंच झालं, तर सांभाळ करण्याची अट त्यात लिहून घे — २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने अट मोडल्यास ते रद्द करून घेता येतं. मुलं गुणाचीच आहेत, मला ठाऊक आहे. कागद पक्का असला की गुणी मुलांनाही एकमेकांशी भांडायला निमित्त मिळत नाही.

१५. फोनवर कुणी पोलीस म्हणवून अटकेची भीती घातली तर फोन ठेव आणि लेकीला लाव. पैसे गेलेच तर लगेच १९३० — जितकं लवकर कळवशील तितकी ते अडवता येण्याची शक्यता जास्त.

१६. पंचाहत्तरी झाली की एसटीचा प्रवास फुकट आहे, तेव्हा कोकणात माझ्याकडे यायला सबब चालणार नाही. आधारवरची जन्मतारीख मात्र आत्ताच शाळेच्या दाखल्याशी ताडून बघ — चुकलेली असेल तर दुरुस्तीचे हेलपाटे आज तुला झेपतील.