मोरीचा अळू, गॅलरीतली अ‍ॅलोकेशिया

बारामतीत राहून ओलाव्याची झाडं वाढवायचा हट्ट धरावा, यातच माझ्या स्वभावाचं निम्मं वर्णन आलं. इथे वर्षाचा पाऊस जेमतेम 500 मिलिमीटर, मे महिन्यात पारा 40 च्या पुढे. आणि मी वाढवते काय, तर अळू आणि त्याच्याच कुळातली अ‍ॅलोकेशिया. अळू मागच्या दारी, मोरीजवळ. अ‍ॅलोकेशिया पुढे, गॅलरीत. माहेर इंदापूर तालुक्यातलं, सासर बारामतीचं. दोन्हीकडच्या बायकांनी या नादावर पोटभर हसून घेतलं आहे. तरी जे काही उमगलं, ते असं.

1. कुंडीला लावलेल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नये, पानावर ठेवावा. नर्सरीत मोठ्या पानाचं काहीही ‘शोभेचा अळू’ म्हणून खपतं. अळूचं पान खाली मान घालतं, आणि देठ पानाच्या खाचेत न जुळता जरा आत, पोटाला चिकटलेला असतो. मोठ्या अ‍ॅलोकेशियाची पानं बहुतेक वेळा टोक वर करून ऐटीत उभी राहतात. एवढं कळल्यावर मी चारचौघींत जाणकार म्हणून मिरवायला लागले, तोच काळपट हिरव्या पानावर पांढऱ्या शिरा असलेली ती बुटकी ‘अमेझोनिका’ समोर आली. तिचंही टोक खालीच! नावात अमेझॉन असलं तरी तिचा त्या नदीशी संबंध नाही. फ्लोरिडातल्या एका नर्सरीच्या नावावरून ते पडलं, आणि तिची मूळ घराणी आग्नेय आशियातली. मग पाण्याचा थेंब कामाला आला. अळूच्या पानावर मेणाचा आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक उंचवट्यांचा थर असतो, त्यामुळे थेंब मोती होऊन घरंगळतो. अमेझोनिकाच्या चकचकीत पानावर तो पसरतो. ‘अळवावरचं पाणी’ मी शाळेच्या निबंधांत कितीदा लिहिलं असेल, पण बोटाने थेंब टाकून पाहिला तो चाळिशी उलटल्यावर.

2. काळ्या मातीचा मला अभिमान होता, तो अ‍ॅलोकेशियाने उतरवला. ही माती पाणी धरून ठेवते, म्हणून उसाला चालते आणि अळूलाही. त्याच्या मुळांना चिखलाचं वावडं नाही. अ‍ॅलोकेशियाला ओल हवी, पण मुळांशी हवाही खेळती हवी; काळ्या मातीत तिचा कंद कुजतो. सुदैवाने आमच्या भागात उसाच्या रोपवाटिका भरपूर, त्यामुळे ट्रे भरायचं कोकोपीट शोधावं लागत नाही. ते आधी दोन-तीनदा धुऊन घ्यावं, कारण नारळाच्या काथ्यात मीठ असतं. त्यात जाड वाळू आणि थोडं शेणखत. एवढ्या बडदास्तीचं घरात दुसरं कोणी नाही.

3. पाणी किती घालतो यापेक्षा कसलं घालतो, हे इथे महत्त्वाचं. कालव्याच्या पट्ट्यातल्या क्षारपड जमिनी शेतकऱ्याला नव्या नाहीत. पांढरे डाग पडलेली वावरं आपण रस्त्यावरून जाताना बघतो. तोच प्रकार कुंडीत लहान प्रमाणात होतो. बोअरचं जड पाणी रोज घातलं की मातीवर पांढरट थर जमतो आणि अ‍ॅलोकेशियाच्या पानांच्या कडा करपतात. त्यात शुद्धीकरणाच्या यंत्रातून बाहेर टाकलेलं पाणी ‘वाया जायला नको’ म्हणून घरोघरी कुंड्यांना घातलं जातं. यंत्राने गाळून काढलेले क्षार त्यातच असतात! ते फरशी पुसायला ठीक. अ‍ॅलोकेशियासाठी मी गच्चीवरचं पावसाचं पाणी पिंपात भरून ठेवते, आणि उन्हाळ्यात त्याचा हिशोब दुधासारखा ठेवते.

4. दुष्काळात अळू जगवायला बाग लागत नाही, भांडी घासावी लागतात. 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा इंदापूर तालुक्याच्या एका कडेला समुद्रासारखा पसरला आहे. माझं माहेर त्या पाण्यापासून लांब, कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसणारं. टँकर यायचा तेव्हा आई पाणी तांब्याने मोजायची. तरी मोरीच्या तोंडाशी अळू हिरवागार. त्याच्यासाठी वेगळा थेंबही खर्च होत नव्हता. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी आपोआप तिकडे जायचं. आईला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. पाण्याच्या फेरवापरावरची व्याख्यानं मी नंतर ऐकली, वहीत उतरवूनही घेतली, आणि अळू कुणी लावला होता हे मला फार उशिरा आठवलं. आता भांड्यांना राखेऐवजी साबण असतो, म्हणून मी फक्त धुण्या-विसळण्याचं पाणी अळूकडे वळवते, साबणाचं गटारात. शेवटी पानं पोटात जायची असतात.

5. दिसायला नाजूक ते नाजूकच असतं, त्यात गूढ काही नाही. कोरड्या उन्हाळ्यात अ‍ॅलोकेशियाच्या पानामागे लाल कोळी येतो. पान धुळकट, ठिपकेदार दिसायला लागलं की उलटं करून बघावं आणि ओल्या फडक्याने पुसावं. दुपारचं ऊन अडवायला शेडनेट लागतं. डिसेंबरात रात्री गार पडल्या की पानं एकेक करून मिटतात आणि कुंडी रिकामी दिसते. तेव्हा कुंडी फेकू नये. पाणी कमी करावं, कंद झोपलेला असतो. सासूबाई रोज ये-जा करताना हे सगळं बघत होत्या. एकदा म्हणाल्या, “उन्हात ठेवलं की करपतंय, सावलीत ठेवलं की रुसतंय. झाड आणलंस का जावई?”

6. खाज दोघांनाही आहे, पण शिजवून सुटते ती एकाचीच. दोन्हींच्या पेशींत सुईसारखे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात. अळू नीट शिजवला, चिंच किंवा आमसूल घातलं, की तो फदफद्यात आणि ऋषिपंचमीच्या भाजीत सुखाने नांदतो. काळ्या देठाचा वडीला, हिरव्या देठाचा भाजीला. शोभेची अ‍ॅलोकेशिया मात्र कधीच ताटात घ्यायची नाही. गौरींना आलेल्या एक काकू गॅलरीत उभ्या राहून म्हणाल्या, “एवढी पानं वाया घालवतेस! मला दे, वड्या करते.” मी हसत हसत कुंडी आत सरकवली. रांगतं मूल किंवा पिल्लू घरात असेल तर ती तशीही उंचावरच हवी. आणि कापाकापी करताना हाताला तेल, दोघांच्याही बाबतीत.

7. टबातला अळू देखणा दिसतो, डासांनाही. पाणी साठवून वाढवायचा असेल तर गप्पी मासे सोडावेत.

8. “दोन्हींतलं कोणतं लावू?” असं विचारलं की मी हल्ली झाडाबद्दल बोलतच नाही. तुमच्या स्वयंपाकघराचं पाणी कुठे जातं आणि गॅलरीचं तोंड कुठे आहे, एवढंच विचारते. मागे अंगण, मोरी उघडी असेल तर अळूचे दोन कंद पिशवीत घालून देते. ते नाही म्हणत नाहीत. पूर्वेची गॅलरी आणि साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर अ‍ॅलोकेशियाची कुंडी बदलताना मुळांशी सापडणारे बोराएवढे कंद देते. तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या उन्हात, बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्या मैत्रिणीला मी दोन्हींपैकी काहीच दिलं नाही. कोरफड दिली. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही.