आईबापांची छाया व स्वर्गीय पित्याचा आश्रय

शास्त्रपाठ : लूक २:४१-५२, गलतीकरांस ४:१-७

पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पुढे चिंचवड, भोसरी व चाकण येथवर कारखाने पसरले. ज्या चाकणास आपले वडील कांद्याच्या बाजारावरून ओळखीत, तेथे आज आपल्या खेड्यांतील मुले मोटारींचे भाग जोडितात.

आमच्या मंडळीतील एक तरुण असाच चाकणास गेला. एका खोलीत सहा जण. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. सात महिन्यांनी ठेकेदाराने त्यास कामावरून कमी केले. आई रोज फोन करी, आणि तो “कामावर निघालो आहे” असे सांगे. अखेर तो आम्हांकडे येऊन म्हणाला, “पाळकसाहेब, घरी प्रार्थना होई ती आईची. मी केवळ डोळे मिटीत असे. आता डोळे मिटले तर काहीच सुचत नाही.”

हे ऐकून आम्हांस वाईट वाटले, तरी त्याचे म्हणणे खरे होते. जमिनीप्रमाणे विश्वास वारशाने नावावर चढत नाही. वारस लहान असतो तोवर पालक व कारभारी ह्यांच्या हाताखाली असतो, असा दाखला पौल देतो. त्याने तो नियमशास्त्राविषयी दिला आहे, तरी घरासही तो लागू पडतो. आईबाप हे देवाने नेमिलेले कारभारी होत. नेमिलेली वेळ आली म्हणजे लेकराने स्वतः पित्यापुढे उभे राहून त्यास “अब्बा” म्हणावयाचे असते.

आपला प्रभू बारा वर्षांचा असता मंदिरात सापडला, तेव्हा देव आपला पिता आहे हे त्याने मरीयेस स्पष्ट सांगितले. तरी तो त्यांच्याबरोबर नासरेथास गेला व त्यांच्या आज्ञेत राहिला. पुढे वधस्तंभावरून त्याने आपल्या आईस प्रिय शिष्याच्या हाती सोपविले (योहान १९:२६, २७). ह्यावरून दिसते की, जो स्वर्गीय पित्यास ओळखितो तो आईबापांस टाकीत नाही. उलट त्यांची काळजी वाहावयास समर्थ होतो.

ज्यांस आईबापच उरले नाहीत त्यांचे काय? पंडिता रमाबाईंचे उदाहरण पाहा. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे वडील व लवकरच आई वारली. तेव्हा त्या केवळ सोळा वर्षांच्या होत्या, आणि ख्रिस्ताची ओळख त्यांस झालेली नव्हती. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली व विधवा आणिल्या, आणि आपल्याच जिल्ह्यात केडगाव येथे त्यांस आसरा दिला. उपाशी व पोरके होणे म्हणजे काय हे त्यांस ठाऊक होते. पित्याचा आश्रय मिळाल्यावर त्या स्वतः शेकडोंची आई झाल्या.

त्या तरुणास आम्ही इतकेच सांगितले की, प्रथम घरी खरे सांग. त्याने आमच्यादेखत फोन केला. आई रडली, पण रागावली नाही. मग त्याने अडखळत, आपल्या शब्दांत प्रार्थना केली. काम लगेच मिळाले नाही. देवपित्याने पगाराचे वचन दिलेले नाही. परंतु खोटे बोलणे थांबले, आणि रात्री झोप येऊ लागली. आज गावाहून नवा मुलगा आला म्हणजे तोच त्यास स्टँडवरून आपल्या खोलीवर नेतो.

ह्यास्तव, आईबापांनो, लेकरांसाठी प्रार्थना करा, पण त्यांच्या तोंडूनही ती करवा. उपदेशक बंधूंनो, मूल गाव सोडण्यापूर्वी तेथील पाळकास त्याचे नाव कळवा.

मननासाठी प्रश्न :
१. येशू नासरेथास परत का गेला?
२. माझी प्रार्थना माझी आहे, की आईची?
३. माझ्या आश्रयाची आज कोणास गरज आहे?