आधी खोली, मग माइक

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझी खरेदीची यादी वाचली. सगळा भर माइकवर, आणि खोलीसाठी छदामही नाही! अगं, घरी केलेलं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा बिघडवते ती खोली. मधोमध उभी राहा आणि एक कडक टाळी वाजव. मागोमाग झणझणाट ऐकू आला, तर तो समोरासमोरच्या उघड्या भिंतींचा. महागडा कंडेन्सर माइक तो आणखी बारकाईने टिपेल, वर शेजारच्या कुकरची शिट्टी फुकट.

तेव्हा आधी माळ्यावरच्या गोधड्या उतरव. माइकचं तोंड तुझ्याकडे असतं, म्हणजे तुझ्या पाठीमागची भिंतही त्याच्या समोरच येते. म्हणून पहिली जाड गोधडी तुझ्या पाठीशी टांग, भिंतीपासून वीतभर सोडून. तेवढ्या फटीमुळे ती जरा खालचे स्वरही शोषते. अंड्यांचे ट्रे मात्र भिंतीला डकवू नकोस. त्यांनी ना घुमारा जातो, ना बाहेरचा आवाज थांबतो. पंखा बंद. घाम येईल, इलाज नाही.

माइक साधा डायनॅमिक घे. शुअरचा एसएम५८ १९६६ पासून विकला जातोय, तुला काही वर्षं सहज पुरेल. त्याला कंडेन्सरसारखा ४८ व्होल्टचा पुरवठा लागत नाही. तोंडापासून वीतभर आणि किंचित तिरका ठेव, म्हणजे ‘प’, ‘भ’चे फुत्कार थेट आदळणार नाहीत. जवळ सरकलीस की खर्ज फुगतो. ते कानाला गोड लागतं, पण अंतर्‍याला मान मागे गेली की आवाज एकदम पातळ होतो. एकाच जागी बसून गायची सवय कर.

इंटरफेस दोन इनपुटचा पुरे, एक गळ्याला आणि एक पेटीला. रेकॉर्डिंग २४ बिटवर कर आणि तार सप्तकातला सर्वांत चढा सूरसुद्धा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन लाव. लाल दिवा लागला की तो सूर फाटलाच, मागाहून शिवता येत नाही. तानपुरा अ‍ॅपवरचा असेल तर कान पूर्ण झाकणार्‍या हेडफोनवर ऐक, नाहीतर तोही माइकमध्ये उतरेल. सॉफ्टवेअरला तूर्त पैसे घालू नकोस, ऑडॅसिटी फुकट आहे.

पहिली बंदिश झाली की रिव्हर्ब न चढवता, जशीच्या तशी मला पाठव.

तुझा,
मामा