फोडणी, चिमणी आणि मीटरवरचा आकडा

घरातल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं मीटर हल्ली काही घरांत आलंय. त्याच्याबरोबर हा प्रश्नही येतो: ‘डॉक्टर, गॅलरीत ४२० दाखवतं आणि स्वयंपाक सुरू झाला की दोन हजारांच्या वर जातं. घाबरायचं का?’

आकडा खोटा नाही. एक किलो एलपीजी जळला की सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. १४.२ किलोचा सिलिंडर पाच आठवडे पुरत असेल, तर रोज साधारण ४०० ग्रॅम गॅस जळतो. सकाळच्या पोळी-भाजीच्या तासाभरात त्यातला १५० ग्रॅम धरा. त्यातून जेवढा कार्बन डायऑक्साइड निघतो, तेवढा सोडायला नुसती बसलेली दहा-बारा माणसं लागतील. ओट्याशी तुम्ही एकट्याच असता, पण हवेच्या हिशेबात स्वयंपाकघरात पंगत बसलेली असते.

दोन हजार पीपीएमने, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत दोन हजार भागांनी, कोणी दगावत नाही. कोंदट वाटतं, जांभया येतात, काहींचं डोकं जड होतं. अमेरिकेत कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठीची मर्यादा ५,००० आहे. मग मी हा आकडा मनावर का घेतो? कारण जळलेला वायू बाहेर जात नाहीये, हे तो सांगतो. त्याच ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, फोडणीतून सूक्ष्म कण उडतात. बहुतेक साध्या मीटरवर नायट्रोजन डायऑक्साइड दिसतच नाही. तो श्वासनलिकांना चुरचुरवतो. घरात दम्याचं मूल किंवा सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) असलेले आजोबा असतील तर त्यांना आधी कळतं.

आता चिमणीविषयी. हजारो रुपये मोजून बसवलेल्या काही चिमण्यांना बाहेर जाणारा पाइपच नसतो. तेलकटपणा आणि वास गाळून तीच हवा त्या परत घरात सोडतात. कार्बन डायऑक्साइड त्यांच्या जाळीत अडकत नाही. एअर प्युरिफायर आणि स्प्लिट एसीचंही तेच. त्यापेक्षा भिंतीतला जुना, चिकट झालेला एक्झॉस्ट पंखा परवडला, फक्त तो पुसा आणि लावा! त्याला आत येणारी हवाही लागते, म्हणून दुसरीकडची एखादी खिडकी किलकिली हवी. ड्राय बाल्कनी काचा लावून बंद केली असेल, तर स्वयंपाकाच्या वेळी त्या काचा सरकवा. गॅस पेटवतानाच पंखा लावा आणि शेगडी बंद केल्यावर पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा. भांड्यावर झाकण ठेवलं, डाळ कुकरला लावली, की मुळात गॅसच कमी जळतो.

मात्र गॅस गळतीचा वास येत असेल तर पंख्याचं बटण दाबायचं नाही, कुठलंच नाही. रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडा.

ज्योत पिवळी दिसते, भांड्यांची बुडं काळी होतात? बर्नर साफ करून घ्या. अर्धवट जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, आणि कार्बन डायऑक्साइडच्या मीटरवर तो दिसत नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने आपल्याकडे जीव गेले आहेत; तो बाथरूमच्या आत नकोच. घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखू लागलं, मळमळलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर पित्ताची गोळी घेत बसू नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि तडक दवाखाना गाठा.