भाताची पिंजर आणि दावणीची म्हैस

नेसरी व आजरा या बाजूस सुगी संपली म्हणजे दाणा कणगीत जातो आणि पिंजर गंजीत. कणगीचा हिशेब सर्वच करितात. पण उन्हाळाभर म्हैस जगवावयाची ती गंजीवर, हे बियाणे घेतेवेळी कितीजणांस आठवते? दुधाच्या पैशावर मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च भागविणाऱ्या घरास ही गोष्ट लहान नव्हे.

1966 साली फिलिपाईन्समधून आय. आर. 8 ही बुटकी जात निघाली व 1968 साली आपल्या देशात जया आली. खत दिले तरी अशी भाते सहसा लोळत नाहीत, म्हणून दाणा वाढला. काडी मात्र आखूड झाली. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेले आजरा घनसाळ उंच वाढते. त्याची काडी लांब, पण दाणा तितका नाही.

मग पाल्हाळ पानांची जात निवडावी काय? आम्हांसही पूर्वी तसेच वाटे, कारण जोंधळ्याच्या कडब्यात पाने हीच गुरांची आवड. भाताचे उलट आहे. त्याच्या पानांत वाळूच्या जातीचे द्रव्य, म्हणजे सिलिका, फार. म्हणून पानांपेक्षा खोड अधिक पचते. यास्तव विळा जमिनीलगत चालवावा. उंच कापणारा मनुष्य चांगला चारा शेतातच टाकून येतो.

जपानात गुरांकरिताच भाताच्या निराळ्या जाती पैदा केल्या आहेत. तचिसुझुका नावाच्या जातीची लोंबी मुद्दाम आखूड ठेविली आहे; दाणा थोडा भरतो, म्हणून साखर खोडातच राहते, आणि सबंध रोपाचा मुरघास करितात. आपणांस दाणा सोडून कसे चालेल? परंतु संशोधकांनी अनेक जातींच्या पिंजरी तपासल्या, तेव्हा त्यांच्या पचनात फरक आढळला, आणि चांगल्या पिंजरीसाठी दाणा गमवावाच लागतो असे दिसले नाही. तेव्हा यंदा दोन जाती शेजारी-शेजारी लावाव्यात, दाण्याबरोबर पिंजरही तोलावी, आणि दोहोंच्या सारख्या पेंढ्या म्हशीपुढे टाकून कोणती उरते ते पाहावे.

आहे ती पिंजर सुधारण्यासही उपाय आहे. 100 किलो पिंजरीवर 4 किलो युरिया सुमारे 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडावा, थर दाबावेत व वारा न लागेल असे तीन आठवडे झाकावे. उघडल्यावर उग्र वास जाऊ द्यावा, प्रथम थोडीच घालावी, आणि सहा महिन्यांखालील वासरांस देऊ नये. युरियाचे पोते व ते पाणी गोठ्यापासून दूर ठेवावे; जनावराने तोंड लाविले तर ते विषच आहे.