घाटघरचा हिरडा आणि पोलाद

नाणेघाटाच्या माथ्यावरील घाटघर हे माझे गाव. उन्हाळ्यात आम्ही बाळहिरडा गोळा करतो, वाळवितो आणि विकतो. हिरड्याचा तुरटपणा त्यातील टॅनिनमुळे असतो. कातडी कमाविण्यासाठी व शाईसाठी हे द्रव्य पूर्वीपासून वापरले जाते. त्याचा आणखी एक उपयोग येथे सांगावयाचा आहे.

पोलादी पत्र्यावर जस्ताचा मुलामा देण्यापूर्वी गंज काढण्यासाठी तो विरल आम्लात बुडवितात. आम्ल गंजाबरोबर चांगले पोलादही खाते. ते वाचावे म्हणून आम्लात निरोधक द्रव्य मिसळतात. अशी काही कृत्रिम द्रव्ये विषारी असल्याने संशोधक वनस्पतींच्या अर्काकडे वळले. हिरड्याच्या अर्कावरही प्रयोग झाले आहेत. अर्कातील टॅनिनसारखे मोठे रेणू पोलादाला चिकटून पातळ थर बनवितात आणि आम्लाचा हल्ला मंदावतो. आम्ल फार तापले, तर हा थर बहुधा सुटू लागतो.

निरोधकाची शक्ती वजनावरून मोजतात. समजा, नुसत्या आम्लात पट्टीचे वजन 100 मिलिग्रॅमने घटले आणि अर्क घातल्यावर तेवढ्याच वेळात 20 मिलिग्रॅमने; तर 80 मिलिग्रॅम पोलाद वाचले, म्हणजे निरोधन 80 टक्के झाले.

हिरडा वेचणाऱ्याला मोबदला मिळतो तो केवळ पोत्याच्या वजनाचा. त्यातील गुणाचा फायदा तो गुण ओळखणाऱ्याला होतो. म्हणूनच हे रसायनशास्त्र हिरडा वेचणाऱ्या घरांतील मुलामुलींनी शिकले पाहिजे, असे मला वाटते.